प्रकाशाआधीचे रामन

तार छेडली की सूर लागतो. ढोल बडवला की नुसता आवाज होतो. हा भेद कशामुळे पडतो, याचं गणित एकोणिसावं शतक संपायच्या आत युरोपातल्या शास्त्रज्ञांनी मांडून ठेवलं होतं. ताणलेली तार एकाच वेळी अनेक तऱ्हांनी थरथरते. अख्खी थरथरते, शिवाय दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही थरथरते. तिची मूळ कंपनसंख्या सेकंदाला 100 असेल, तर बाकीच्या 200, 300, 400 अशा पूर्ण पटीत येतात आणि कान त्या सगळ्यांचा मिळून एकच स्वर ऐकतो. गोल कड्यावर ताणलेल्या कातड्याचं तसं नसतं. त्याची मूळ कंपनसंख्या 100 धरली, तर पुढच्या येतात साधारण 159, 214, 230, 265 आणि 292. यांत दुप्पट कुठे नाही, तिप्पटही नाही. अशा बेमेळ कंपनांतून कानाला धरून ठेवावा असा सूर सापडत नाही. इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांचा 'द थिअरी ऑफ साउंड' हा दोन खंडांचा ग्रंथ 1877-78 मध्ये आला, त्यात हा सगळा हिशेब आहे.

मग तबला सुरात कसा लागतो? गाणं सुरू होण्याआधी तबलजी हातोडीने गजऱ्यावर ठोके देत षड्ज जुळवतो आणि तो जुळतोही. तानपुऱ्याशेजारी तबला खटकत नाही, उलट सूर भरतो. पुस्तकातलं गणित बरोबर आणि कानाचा अनुभवही बरोबर, अशा ठिकाणी पुष्कळ लोक दोन्हींपैकी एकाकडे पाठ फिरवतात. ज्याने तसं केलं नाही, त्याचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

रामन म्हटलं की आपल्याला 28 फेब्रुवारी आठवतो, प्रकाशाचं विकिरण आठवतं, 1930 चं नोबेल आठवतं. शाळेच्या पुस्तकांनी एवढंच शिकवलं. पण 1928 च्या आधीची पंधरा-सोळा वर्षं या माणसाच्या कामाचा फार मोठा भाग नादावर होता आणि युरोपात त्यांचं नाव आधी झालं ते वाद्यांचा अभ्यासक म्हणूनही. रामन परिणाम हा त्यांचा मुकुटमणी खरा. तरीही मला वाटतं, हा शास्त्रज्ञ विचार कसा करायचा हे पाहायचं असेल तर त्यांच्या नादशास्त्राकडे जावं. तिथे प्रश्न साधे आहेत, उपकरणं साधी आहेत आणि उत्तरं आपल्या कानांनी पडताळता येतात.

जन्म 7 नोव्हेंबर 1888, तिरुचिरापल्लीजवळचा. वडील चंद्रशेखर अय्यर विशाखापट्टणमच्या कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत आणि घरी व्हायोलिन वाजवत. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना, वयाच्या अठराव्या वर्षी, 1906 मध्ये रामन यांचा पहिला निबंध 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापून आला. विषय प्रकाशाचा होता. पण वाचनात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचा स्वरसंवेदनांवरचा ग्रंथ आला आणि त्याने पक्की पकड घेतली. आपल्यावर ज्या तीन पुस्तकांनी खोल परिणाम केला त्यांत रामन यांनी पुढे या ग्रंथाचं नाव घेतलं. इतर दोन होती युक्लिडची भूमिती आणि एडविन आर्नल्ड यांचं बुद्धचरित्र.

त्या काळी हुशार मुलाने करावी अशी नोकरी म्हणजे सरकारी. रामन वित्त खात्याच्या परीक्षेत उतरले आणि 1907 मध्ये कोलकात्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल झाले. वय अठरा, लग्न नुकतंच झालेलं. पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवत. कोलकात्यात बहुबाजार रस्त्यावर 210 क्रमांकाच्या इमारतीवर त्यांना एक पाटी दिसली: इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिवेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये लोकवर्गणीतून उभी केलेली ही संस्था तेव्हा जवळजवळ ओस पडली होती. महेंद्रलाल हयात नव्हते. त्यांचे चिरंजीव अमृतलाल यांनी या तरुणाला प्रयोगशाळा खुली करून दिली. मग वर्षानुवर्षं एकच क्रम चालला. पहाटे प्रयोगशाळा, दिवसा कचेरीत सरकारचे हिशेब, संध्याकाळी कचेरीतून थेट पुन्हा प्रयोगशाळा, घरी यायला रात्र. मध्ये 1909 मध्ये रंगूनला आणि 1910 मध्ये आपल्या नागपूरला बदली झाली, 1911 मध्ये ते कोलकात्याला परतले. या धावपळीतही काम थांबलं नाही. 1909 मध्येच त्यांनी एकतारीवर एक टिपण प्रसिद्ध केलेलं दिसतं. भिक्षेकऱ्याच्या हातातलं वाद्य शोधनिबंधाचा विषय होऊ शकतं, ही दृष्टी वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांच्याकडे होती.

संस्थेत त्यांना आशुतोष दे नावाचे सहायक मिळाले. सगळे त्यांना आशुबाबू म्हणत. आशुबाबूंनी कधी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. प्रयोगशाळेचं दार उघडण्यापासून उपकरणं जुळवण्यापर्यंत सगळं ते करत. रामन यांनी त्यांना बरोबरीने निबंधांत घेतलंच, शिवाय रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आशुबाबूंच्या एकट्याच्या नावाने निबंध छापून आला. रामन यांच्या स्वभावाबद्दल बरंवाईट पुष्कळ लिहिलं गेलंय. ते लिहिताना ही गोष्टही मांडायला हवी.

पहिला मोठा विषय व्हायोलिन. छेडलेली तार आणि गजाने वाजवलेली तार यांत मोठा फरक आहे. छेडलेली तार एकदा सोडली की आपली आपण थरथरते. गजाखालची तार मात्र गजाला चिकटून काही अंतर ओढली जाते, मग निसटते, झर्रकन मागे येते आणि पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडतं. हेल्महोल्ट्झ यांनी दाखवलं होतं की अशी तार डोळ्यांना फुगीर कमान वाटली तरी कुठल्याही क्षणी ती दोन सरळ रेषांची बनलेली असते. मध्ये एक कोपरा असतो आणि तो कोपरा तारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असतो. रामन यांनी इथून पुढे मजल मारली. कोपरे एकाहून अधिक असतील तर काय, गज घोडीपासून कमीजास्त अंतरावर असेल तर काय, हलक्या दाबाने काय, अशा सगळ्या शक्यतांचं त्यांनी गणित मांडलं आणि सरकत्या फोटोपट्टीवर तारेच्या हालचालीचे आलेख घेऊन ते ताडून पाहिलं. 1918 मध्ये संस्थेच्या पत्रिकेचा पंधरावा अंक म्हणून हा सगळा अभ्यास ग्रंथरूपाने आला. गजाच्या वाद्यांवर आज संगणकाच्या मदतीने काम करणारे संशोधकही त्या ग्रंथापासून सुरुवात करतात.

पण वादकाचा हात हे मोजमापाचं साधन होऊ शकत नाही. गजाचा वेग आणि दाब दोन्ही तो नकळत बदलत राहतो. म्हणून रामन यांनी व्हायोलिन वाजवणारं यंत्र तयार केलं. त्यात गज एका जागी स्थिर ठेवला आणि त्याच्याखालून व्हायोलिनच मागेपुढे सरकतं केलं, ठरावीक वेगाने. आता वेग, दाब, घोडीपासूनचं अंतर, एकेक गोष्ट सुटी करून बदलता येऊ लागली. सूर टिकवायला किमान किती दाब लागतो हे त्यांनी मोजलं. गज घोडीच्या जितका जवळ, तितका जास्त दाब लागतो, आणि तोही झपाट्याने वाढत जातो. हे व्हायोलिन शिकवणाऱ्या प्रत्येक गुरूला हाताने ठाऊक असतं. रामन यांनी ते आकड्यांत बसवलं.

चेलो वाजवणाऱ्यांना छळणारा एक दोष आहे, त्याला ते लांडग्याचा स्वर म्हणतात. वाद्यावर एक विशिष्ट स्वर असा असतो की तो लावला की गुरगुरतो, थडथडतो, स्थिर राहतच नाही. 1916 मध्ये रामन यांनी तारेचं आणि वाद्याच्या पोटाचं कंपन एकाच वेळी नोंदवून याचा छडा लावला. तो स्वर लाकडी पेटीच्या स्वतःच्या कंपनसंख्येशी जुळतो. त्यामुळे पेटी जोरात थरथरू लागते आणि तारेची ऊर्जा खाऊन टाकते. तेवढी ऊर्जा पुरवायला गजाचा दाब अपुरा पडतो, मूळ स्वर ढासळतो आणि तार वरच्या सप्तकात उडी मारते. पेटी शांत झाली की मूळ स्वर परत येतो, पेटी पुन्हा खवळते. ही ओढाताण म्हणजेच ती गुरगुर.

1917 मध्ये सर आशुतोष मुखर्जी यांनी कोलकाता विद्यापीठातलं भौतिकशास्त्राचं पालित प्राध्यापकपद देऊ केलं. पगार सरकारी नोकरीपेक्षा बराच कमी होता. रामन यांनी ते घेतलं.

आणि मग तबला-मृदंग. 1920 च्या सुरुवातीला 'नेचर'मध्ये रामन आणि शिवकाली कुमार यांचं एक छोटं टिपण आलं. त्याचा विषय होता, ज्यांच्या कंपनसंख्या पूर्ण पटीत असतात अशी चर्मवाद्यं. जगातल्या बहुतेक ढोलांना जे जमत नाही ते भारतातल्या या वाद्यांना जमतं, असं त्यात सांगितलं होतं. पुढे 1933 मध्ये रामन बंगळूरला गेले, 1934 मध्ये त्यांनी इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली आणि अकॅडमीच्या कार्यवृत्ताच्या पहिल्याच खंडात या विषयावर दहा पानांचा सविस्तर निबंध लिहिला. तोवर नोबेल मिळून चार वर्षं झाली होती. त्या उंचीवर पोचल्यावरही त्यांनी मृदंग पुन्हा हातात घेतला, याचं मला फार महत्त्व वाटतं.

या सगळ्याची किल्ली शाईत आहे. तबल्याची पुडी जवळून पाहा. कडेला चामड्याची चाट, तिच्या आत उघडं मैदान आणि मधोमध काळी शाई. शाई म्हणजे रंग नव्हे. लोखंडाची बारीक पूड भाताच्या किंवा पिठाच्या खळीत मळून तिचा थर कातड्यावर देतात, तो गुळगुळीत दगडाने घोटतात, मग दुसरा थर, पुन्हा घोटणं. असे कितीतरी थर, वर जाताना घेर लहान होत जाणारे. घोटता घोटता थराला बारीक तडे जातात आणि ते तडे हवेच असतात. त्यांच्यामुळे शाई जड असूनही कडक होत नाही, कातड्याबरोबर लवते. मृदंगावरही उजव्या अंगाला अशीच शाई असते. वारकऱ्यांच्या पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक थापतात, तीही वजनासाठीच.

मधोमध हे वजन आलं की कातड्याची थरथरण्याची सगळी गणितं बदलतात. रामन यांनी ते पाहण्यासाठी अगदी जुनी युक्ती वापरली. अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीच्या क्लाद्नी यांनी धातूच्या पत्र्यांवर वाळू टाकून कंपनांची चित्रं काढली होती. रामन यांनी बारीक वाळू मृदंगाच्या कातड्यावर भुरभुरली आणि वादक जशी बोटं ठेवतो तशी ठेवून आघात केला. जो भाग हलतो तिथून वाळू उडते, जो स्थिर राहतो तिथे साचते. वाळूच्या रेषांवरून कातडं कुठल्या तऱ्हेने थरथरलं ते कळतं, आणि त्या तऱ्हेचा स्वर मोजता येतो.

जे निघालं ते विलक्षण होतं. कातड्याच्या पहिल्या नऊ कंपनतऱ्हा मिळून फक्त पाच स्वर देतात आणि ते पाच स्वर मूळ स्वराच्या एक, दोन, तीन, चार आणि पाच पटीत बसतात. एका व्यासावर दुभंगणारी तऱ्हा बरोबर दुप्पट. दोन व्यासांवर चौघडी होणारी तऱ्हा आणि मध्ये एक वर्तुळ स्थिर ठेवणारी तऱ्हा, या दोन्ही तिप्पट. साध्या कातड्यावर याच दोघी 214 आणि 230 अशा अलग पडत होत्या. शाईने त्यांना एकाच जागी आणून बसवलं. चौथ्या स्वरात दोन तऱ्हा एकत्र येतात, पाचव्यात तीन. एकाच कंपनसंख्येच्या तऱ्हा एकमेकींत मिसळू शकतात, आणि मिसळल्यावर वाळूच्या रेषा चक्क जवळजवळ समांतर पडतात. तिसऱ्या स्वराला दोन समांतर रेषा, कातड्याचे तीन पट्टे. जणू कातडं तारेसारखं भागलं गेलंय. पाचाच्या वरच्या बेसूर तऱ्हा उरतातच. त्यांना कडेची चाट दाबून टाकते, असं रामन यांनी दाखवलं. म्हणजे चाट केवळ कडेची शोभा नाही, तिला काम आहे.

तबला वाजवणाऱ्याचा हात आता नव्या नजरेने पाहा. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेशी हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर पडते. टेकलेलं बोट मूळ कंपनाला मोकळं होऊ देत नाही, पण बोटातून जाणारा व्यास स्थिर ठेवणारी तऱ्हा त्याला जुमानत नाही. म्हणून 'ना'मध्ये दुसरा स्वर खणखणीत उमटतो. पिढ्यान् पिढ्या उस्तादांनी शिष्यांची बोटं धरून जी जागा दाखवली, ती भौतिकशास्त्रातल्या स्थिर रेषेवरची जागा आहे. 1954 मध्ये बंगळूरच्या बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी दोन वेगवेगळ्या घनतेच्या भागांनी बनलेल्या पडद्याचं गणित सोडवून शाई हे काम कसं करते हे कागदावरही सिद्ध केलं.

तानपुऱ्यावरचं आणि वीणेवरचं रामन यांचं टिपण 1921 चं आहे, जेमतेम पाच पानांचं. नियम असा की तार जिथे छेडाल, त्या जागी ज्या संनादी, म्हणजे पूर्ण पटीतल्या, स्वराचा स्थिर बिंदू येतो, तो स्वर त्या नादात असता कामा नये. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट कंपनांचे स्वर गायब व्हायला हवेत. टॉमस यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाचा हा नियम युरोपातल्या वाद्यांवर चोख उतरतो. तानपुऱ्यावर तो मोडतो. नसायला हवेत ते स्वर तिथे भरभरून ऐकू येतात. कारण घोडीत आहे. पाश्चात्त्य वाद्याची तार धारदार कडेवर टेकते. तानपुऱ्याची तार रुंद, किंचित उताराच्या घोडीला चाटून जाते आणि कंपनाबरोबर टेकण्याची जागा क्षणोक्षणी पुढेमागे होते. घोडी आणि तारेच्या मध्ये सुताचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा भरलेला झंकार, खुलवतात तेव्हा हे चाटून जाणंच नेमकं साधलं जातं. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो तो मूळ स्वराच्या पाचव्या पटीचा. मिरजेच्या कारागिरांना कानशीने घोडीवर हलका हात फिरवून जवारी काढताना ज्याने पाहिलं असेल, त्याला एका केसाएवढ्या उताराने काय होतं हे सांगायला नको.

या अभिमानाच्या जागा आहेत आणि रामन यांना अभिमान होताच. प्राचीन हिंदूंच्या नादविषयक ज्ञानावर त्यांनी 1922 मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. पण त्यांचा अभिमान मोजमापानंतर आला. आधी वाळू, आधी फोटोपट्टी, आधी आकडे, मग कौतुक. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो, म्हणून हे ठासून लिहितो.

1921 मध्येच रामन पहिल्यांदा इंग्लंडला गेले, ऑक्सफर्डला भरलेल्या विद्यापीठ परिषदेसाठी. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटात कुजबुजीचा सज्जा आहे. भिंतीला तोंड लावून पुटपुटलेलं समोरच्या टोकाला ऐकू येतं. आवाज भिंतीला धरून सरपटत जातो, असं रॅले यांनी सांगितलं होतं. रामन आणि त्यांचे सहकारी सदरलँड यांनी तिथे प्रयोग केले तेव्हा आणखी बारकावे निघाले. भिंतीलगत आवाज सगळीकडे सारखा नसून मोठा-लहान-मोठा असे पट्टे पडतात. भारतात परतल्यावर त्यांनी विजापूरचा गोल घुमट, पाटण्याचं गोलघर अशा इमारतींत हाच शोध चालू ठेवला. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथला प्रतिध्वनी ऐकून आलेल्या मराठी माणसांची तर गणतीच नाही. इंग्लंडहून परतीच्या त्या प्रवासात बोटीवरून समुद्राच्या निळ्या रंगाने त्यांना गाठलं आणि तिथून पुढची वाट 1928 पर्यंत गेली.

ध्वनीकडून प्रकाशाकडे जाताना त्यांनी विषय सोडला असं मला वाटत नाही. दोन्हीकडे लाटाच. 1927 मध्ये जर्मनीच्या भौतिकशास्त्राच्या भल्यामोठ्या कोशात, 'हांडबुख डेर फिजिक'मध्ये, वाद्यं आणि त्यांच्या नादावरचं प्रकरण लिहायला संपादकांनी रामन यांनाच सांगितलं. हेल्महोल्ट्झच्या देशाने हा विषय कोलकात्याच्या माणसाकडे सोपवला. आणि 1935-36 मध्ये नागेंद्रनाथ या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी पाच निबंधांत ध्वनी आणि प्रकाश एकाच गणितात आणले. कानाला न ऐकू येणारी अतितीव्र कंपनं द्रवातून सोडली की द्रवात दाट-विरळ पट्टे पडतात आणि त्यांतून जाणारा प्रकाश फाकतो. किती फाकेल हे सांगणारा रामन-नाथ सिद्धान्त लेसरचा झोत ध्वनीने वळवणाऱ्या उपकरणांत आजही लागतो.

21 नोव्हेंबर 1970 ला बंगळूरमध्ये रामन गेले. त्यांनीच उभ्या केलेल्या रामन संशोधन संस्थेने त्यांचे निबंध इंटरनेटवर सर्वांना खुले ठेवले आहेत. तबला किंवा पखवाज शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या प्रत्येकाने त्यांतला 1934 चा निबंध उघडावा. इंग्रजी सोपं आहे, वाळूची चित्रंही आहेत. शेजारी तबला घ्या, कोरड्या कातड्यावर चिमूटभर रांगोळी भुरभुरा, अनामिका शाईच्या कडेला टेकवून 'ना' वाजवा आणि रेषा कुठे पडते ते स्वतः पाहा.